सुरुंगाची शिटी

माझ्या डोळ्यांदेखत बाबांनी एका माणसाच्या तोंडावर दगड घातला. एकदा नाही, दोनदा. बाबांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती, आणि त्याआधी त्यांनी आम्हा भावंडांवरसुद्धा कधी हात उगारला नव्हता.

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर पूजापाठ करायला आले आणि इथेच राहिले. बाबा सिटी सेंटरच्या एका बँकेतून निवृत्त झाले, पण घराण्याची भिक्षुकी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. पृथ्वी त्यांची आई होती. सकाळी पलंगावरून उतरताना ते आधी फरशीला हात लावून तिची क्षमा मागायचे, मग पाय ठेवायचे. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. माझ्यासाठी पृथ्वी म्हणजे एके काळी वितळलेला, उल्कांचा मार खाल्लेला, वरून साय धरलेला गोळा. आणि दादा फूलबागेजवळच्या शाळेत इतिहास शिकवायचा. तो म्हणायचा, "तुमचं दोघांचंही छोडो. जमीन म्हणजे ज्याच्यासाठी लोक एकमेकांची मुंडकी उडवतात ती. आपला किल्ला बघा. कड्यात कोरलेल्या त्या जैन मूर्तींचे चेहरे बादशहाच्या हुकमानं फोडले. कशाला? डोंगर आता कुणाचा ते दाखवायला."

जेवताना हे वाद रंगायचे. बाबा चिडायचे नाहीत. "तुम्ही दोघं तिचं वय विचारता आणि तिचे मालक मोजता," एवढंच म्हणायचे.

शहराबाहेर एक टेकडी होती. तिच्या माथ्यावर मातेचं ठाण होतं, म्हणजे एक ओटा आणि त्यावर शेंदूर फासलेले दगड. नवरात्रात बाबा तिथे जायचे. त्याच ओट्याखाली वाळूच्या दगडाच्या लाद्यांवर लाटांच्या वळ्या उमटलेल्या होत्या. पृथ्वीवर मासे नव्हते, गवत नव्हतं, तेव्हाच्या उथळ समुद्राच्या त्या लाटा. मी दरवर्षी मुलांना त्या दाखवायला न्यायची. त्या वर्षी ऐकू आलं की टेकडी चोरून फोडताहेत. खाणीला परवानगी नव्हती, पण ट्रॉल्या भरून दगड जात होता. थंडीतल्या एका रविवारी सकाळी मी लाद्यांचे फोटो काढून ठेवायचं ठरवलं. दादा म्हणाला मीही येतो, आणि बाबा आधीच नारळ घेऊन गाडीत बसले होते.

वर पोचलो तर टेकडीची अर्धी बाजू कापलेली. ओटा आता कड्याच्या टोकावर लोंबत होता. माझ्या लाद्या घणानं फोडून एकीकडे रचल्या होत्या. बाबा ओट्यापाशी बसले. दादानं मोबाइल काढला आणि खाणीचे फोटो घ्यायला लागला.

चार जण खालून चढून आले. दोघांच्या हातात लाठ्या, एकाकडे पहार. पुढचा तरुण होता, लाल स्वेटर घातलेला.

"काए, फोटू काए खेंच रए?" त्यानं विचारलं.

दादा म्हणाला, "सरकारी ज़मीन है. तुम्हारे बाप की नहीं."

दादाचं हे नेहमीचंच, जिथे गप्प बसावं तिथे तो वर्गात असल्यासारखा बोलायचा. पहिली लाठी त्याच्या मोबाइलच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी फांदी मोडावी तसा. मी मध्ये धावले. कुणीतरी माझे केस धरून मला बाजूला भिरकावलं आणि मी तोंडावर एका लादीवर आपटले. ओठ फाटला. तोंडात रक्त आणि वाळू एकत्र आली. त्या वळ्या मी कित्येकदा बोटांनी चाचपल्या होत्या, आता त्या गालात रुतल्या होत्या.

मान वळवून पाहिलं तर दादा खाली पडलेला, आणि लाल स्वेटरवाला त्याच्या छातीवर पाय देऊन लाठी उगारत होता. तेवढ्यात त्याच्यामागे बाबा उभे राहिले. त्यांनी ओट्यावरचा हाताला लागेल तो दगड उचलला होता. तरुणानं चाहूल लागून मान फिरवली आणि दगड सरळ डोळ्यावर बसला. तो कोसळला. बाबा त्याच्यावर वाकले आणि त्यांनी पुन्हा मारलं.

"बाबा, पुरे! मरेल तो!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला ओळखल्यासारखं नाही. दगड तिसऱ्यांदा वर गेला होता. मी त्यांच्या मनगटाला लोंबकळले.

पहारवाला आमच्याकडे धावला, आणि त्याच क्षणी कड्याखालून लांब शिटी वाजली. वर काय चाललंय याचा खालच्या लोकांना पत्ता नव्हता. त्यांनी सुरुंगाला बत्ती दिली होती. पहारवाला जागच्या जागी थबकला, "भगो!" म्हणून ओरडला आणि तिघेही उतारावरून पळत सुटले. आपला माणूस त्यांनी तिथेच टाकला.

मी दादाच्या काखेत हात घालून त्याला ओढायला लागले. "बाबा, हात लावा!" बाबांनी हात लावला, पण त्या तरुणाला. ज्याचं तोंड त्यांनी आताच फोडलं होतं त्याला दोन्ही खांद्यांना धरून ते मागे सरकत ओढत होते. आम्ही कसेबसे एका मोठ्या खडकाआड पोचलो. बाबा त्या पोरावर आडवे पडले.

आधी पोटाखालची जमीन हलली, मग आवाज आला. मग दगड पडायला लागले. एक आमच्या गाडीच्या टपावर पडला, एक माझ्या पायाशी. धूळ बसली तेव्हा ओट्याच्या जागी आकाश होतं.

आम्ही त्या तरुणाला आमच्याच गाडीतून इस्पितळात नेलं. वाटेत तो आईला हाक मारत होता. दादा पुढच्या सीटवर हात पोटाशी धरून बसला होता. तो एकदाच बोलला, "बाबा, तुम्ही आधी त्याला ओढलंत."

"तुला बहीण होती," बाबा म्हणाले. "त्याला कोण होतं?"

दादा कित्येक महिने बाबांशी बोलला नाही.

तरुण वाचला, डावा डोळा गेला. दोन्ही बाजूंनी तक्रारी झाल्या. पोलीस ठाण्यात आमच्या वकिलांनी बाबांना बजावलं होतं की झटापटीत तो दगडावर पडला एवढंच सांगा. बाबा फौजदारासमोर बसले आणि म्हणाले, "मैंने मारा है. दो बार मारा. पहली बार बेटे को बचाने के लिए, दूसरी बार ग़ुस्से में." फौजदारानं पेन खाली ठेवला. "बाबूजी, सोच के बोलिए." बाबांनी तेच पुन्हा सांगितलं.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुम्हाला तुरुंग झाला तर? ते म्हणाले, "मला ते आवडलं होतं गं. दुसऱ्यांदा मारताना. ते मी कुणाला सांगू?" त्यानंतर ते आठवडाभर नीट जेवले नाहीत.

खाण काही दिवस बंद राहिली आणि मग टेकडीच्या दुसऱ्या अंगानं सुरू झाली. माझ्या वर्गाला मी आता फोटोच दाखवते, तेही जुने.

शेवटी वकिलांनी दोन्हीकडून राजीनामा, म्हणजे आपसात तडजोड, करायचं ठरवलं. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तो तरुण काळा चष्मा लावून बाकावर बसला होता, शेजारी त्याची आई. बाबा उठून त्याच्याजवळ जाऊन बसले. आईनं पदर तोंडावर ओढला. मग त्यानंच हळू विचारलं, "बाबूजी, माता हम से नाराज़ होंगी का?"

बाबा म्हणाले, "पता नहीं बेटा. मुझसे तो होंगी."

दादा भिंतीला टेकून हे ऐकत होता. त्याचा उजवा हात कोपरापासून वाकडाच जुळला होता. तो खाली गेला, टपरीवरून चहा घेऊन आला. एक ग्लास त्यानं त्या पोराच्या आईपुढे धरला, एक बाबांपुढे. "घ्या, गरम आहे," तो बाबांना म्हणाला.

मग आतून आमचा पुकारा झाला.