पाण्यात कोंडलेली पिंड

ती चोरी मी अजून विसरलेलो नाही.

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी नांदेडहून तिथल्या एका पोलीस ठाण्यात बदली झाली. बायको-मुलं नांदेडलाच राहिली. दुष्काळाचे दिवस, ठाण्यात रोज पाण्यावरून झालेल्या हाणामाऱ्या. रविवारी दुपारी क्वार्टरमध्ये एकट्याने भिंती बघण्यापेक्षा मी गावातल्या वस्तुसंग्रहालयात जात असे. तीन खोल्या. गंजलेल्या तलवारी, वीरगळ आणि कुणा ड्रॉइंग मास्तरांनी रंगवलेले गोदावरीचे घाट. त्या चित्रांत भरपूर पाणी होतं, म्हणून ती मला आवडत. बघणारा मी एकटा आणि राखणारा एक म्हातारा विधुर. त्यांना सगळे मामा म्हणत.

शेवटच्या खोलीत महादेवाची काळी पिंड होती. जवळच्या खेड्यातल्या देवळाचा कळस ढासळला, तेव्हा ती इथे आणून ठेवली होती. मामा तिच्यावर रोज बेलाचं पान वाहत.

एके दिवशी ती पिंड गायब झाली. कुलूप शाबूत, किल्ली मामांकडे. नव्या जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार होते. वरिष्ठ म्हणाले, चोर घरचाच आहे, आत घ्या.

मी मामांना समोर बसवलं. चोर फार बोलतो आणि निर्दोष माणूस चिडतो, असा माझा अनुभव. मामा दोन्ही करीनात. नोकरी जाईल, कोठडीत बसाल, असं बजावलं तर "जाऊ द्या" एवढंच म्हणाले.

मग एका टँकरवाल्याने खबर दिली. पिंड जिथून आणली होती, त्या खेड्यात बाया पहिला हंडा घरी न नेता पडक्या देवळात नेत होत्या. प्यायला पाणी नसताना रिकाम्या देवळात पाणी कशाला? दोन पंच घेऊन मी तडक निघालो.

गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर मातीचा बांध घातला होता. आत गुडघाभर पाणी आणि तळाशी पिंड. पाऊस पडेपर्यंत महादेवाला पाण्यात कोंडायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. गावातले एक वयस्कर लिंगायत शेतकरी पुढे आले. त्यांना अप्पा म्हणत.

"चोरला न्हाई साहेब," अप्पा म्हणाले. "आमचाच देव हाय. पाऊस झाला की आणून देणार व्हतो."

पंचनामा करून पिंड जप्त करणं भाग होतं. बाया बांध फोडू देईनात. शेवटी त्यांनीच ते पाणी हंड्यांत भरून घेतलं. कुणी शिवी दिली नाही, रडलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ठाण्यात परत येऊन मामांना विचारलं, का दिलीत?

"तिथं मी आन् देव, दोघंच व्हतो साहेब. पर त्याला गाव हाय. गाव न्यायला आलं, मला न्हाई म्हणवलं न्हाई. तुमाला सांगितलं असतं तर पाणी सुटलं असतं."

लबाडीचा हेतू नव्हता, असा अहवाल मी दिला. मामांची कोठडी टळली, पण नोकरी गेली. राहायची खोलीही संग्रहालयाचीच, तीही गेली. पत्र्याची एक पेटी घेऊन ते ठाण्याच्या ओट्यावर बसून राहिले. जायला दुसरं ठिकाण नव्हतं.

संध्याकाळी अप्पा बैलगाडी घेऊन आले. पिंड परत मागू लागले. मी सांगितलं, ती संग्रहालयाची मालमत्ता, देता येणार नाही. अप्पांनी ओट्यावर बसलेल्या मामांकडे पाहिलं.

"बरं, देव ठेवा," ते म्हणाले. "माणूस तरी द्या."

त्यांनी मामांची पेटी उचलून गाडीत ठेवली.

पुढे पुष्कळ मोठे गुन्हे उघडकीस आणले, बक्षिसंही मिळाली. पण माणूस कुणाचा असतो, हे मला या किरकोळ चोरीने शिकवलं. अप्पा येऊन गेले, त्याच्या पुढच्याच रविवारी मी संग्रहालयात गेलो होतो. पिंड जागेवर होती, वर पान नव्हतं. मामांच्या स्टुलावर बसलो. उद्या माझ्यावर अशी वेळ आली, तर बैलगाडी घेऊन मला मागायला कोण येईल, याचा विचार करत बराच वेळ बसून राहिलो.