फुकटातला एसी

आमच्या घरी एसी आला तो अगदी फुकट, आणि त्या फुकटानेच आमचं दिवाळं वाजवलं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा रत्नागिरीत गारवा हवा असेल तर माणसं विहिरीवर जात. आमचे शेजारी उस्मानभाई कुवेतला नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी येताना एसी आणला आणि आपल्या नव्या स्लॅबच्या बंगल्यात बसवला. भाभींना त्याच रात्री अशी सर्दी झाली की सकाळी त्यांनी जाहीर केलं, "ह्या घरात एक तर तो राहील, नाही तर मी!" उस्मानभाईंनी पुष्कळ विचार करून (हे त्यांनीच मला सांगितलं) भाभींना ठेवलं आणि एसी आमच्या ओटीवर आणून टाकला.

"गजाभाई, घ्या. पैशाचं नाव काढायचं नाही."

मी काढलं नाही. ते नंतर बाकीच्यांनी काढलं!

माझी बायको शालिनी पुण्याची. आमचं लग्न रत्नागिरीत झालं, तेही मे महिन्यात. माझे सासरे नाना त्या दिवशी सदरे बदलून बदलून थकले आणि भर पंगतीत म्हणाले, "ह्या गावात माणूस राहत नाही, उकडतो!" संध्याकाळच्या एसटीने ते गेले ते गेलेच. तीन वर्षं लेकीच्या घरी पाऊल नाही. शालिनी बोलत नसे, पण शेजारणीकडे कुणाचे वडील राहायला आले की त्या दिवशी आमची आमटी खारट व्हायची.

एसी बघून माझ्या अंगात वीरश्री संचारली. मी त्याच दुपारी नानांना पत्र टाकलं, "मे लागला की या. खास तुमच्यासाठी एसीची खोली केली आहे." उलट टपाली उत्तर आलं, "येतो. गार नसेल तर त्याच गाडीने परत."

आता खोली करणं आलं!

मधल्या खोलीची खिडकी एसीपेक्षा चार बोटं लहान निघाली. म्हणून बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला बंडू गवंड्याला बोलावलं.

"दोन तासांचं काम ना रे?"

"भाऊ, जांभ्याचा चिरा हाय तो. खारी बिस्कुट नाय."

पण त्याने पहार अशी घातली, की हवा होता तो चिरा निघालाच, शिवाय वरचे चार त्याला सोबत म्हणून उतरले! आमच्या भिंतीला आता भोक नव्हतं, वेस होती. त्यातून पलीकडच्या अंगणात उभ्या असलेल्या शेजारच्या गोदूकाकू आम्हाला दिसल्या आणि आम्ही त्यांना.

"काय रे गजा, दार काढतोस की काय माझ्या खळ्यात?"

"नाही काकू, एसी!"

"कोण येशी?"

एसीपुरतं भोक ठेवून भिंत पुन्हा बांधली. मग सुताराने वर बघितलं. "साहेब, वर कौलं. गारवा तुमच्या खोलीत थांबेल कशाला? कावळ्यांना थंडी वाजेल." म्हणजे प्लायवूडचं छत आलं. मग वायरमन आला. त्याने आमच्या जुन्या वायरीकडे डॉक्टर रोग्याकडे बघतो तसं बघितलं. "ह्या वायरीवर मशीन थंड होईल की नाही ते माहीत नाही, पण घर पेटेल एवढं नक्की." खांबापासून नवी लाइन आली, नवा मीटर आला, ट्रंकेएवढा स्टॅबिलायझर आला. तो ठेवायला टेबल आलं. टेबल मावेना म्हणून कपाट बाहेर गेलं, आणि ओटीवर पावसाने भिजू नये म्हणून कपाटाच्या डोक्यावर पत्रा आला!

मी स्कूटरसाठी नंबर लावून, पैसे साठवून वाट बघत होतो. त्या स्कूटरचं पहिलं चाक वायरमन घेऊन गेला, दुसरं सुतार. हँडल तेवढं माझ्या हातात राहिलं, तेही सायकलचं.

"अहो, राहू द्या ना आता," शालिनी म्हणाली. "नाही आले नाना तर नाही आले."

असं म्हणताना तिने तोंड फिरवलं. मग मी कसला राहू देतोय!

नाना उतरले तो दिवस असा होता की आभाळात मळभ, वारा ठप्प, आणि अंगाला सदरा नव्हे, घामच घातलेला. स्टँडपासून रिक्षात नाना नुसता रुमाल पिळत होते. घरी आल्याबरोबर त्यांना मधल्या खोलीत बसवलं आणि मी खटका दाबला. मशीनने हुंकार दिला, देवघरातला बल्ब मिणमिणला, माझ्या आईने हात जोडले, शालिनीने डोळे मिटले... आणि आला! गार वारा आला!

नानांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग शाल मागितली. शालिनी शाल आणायला अक्षरशः धावली!

तेवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी आली.

"गजाऽऽ! मेल्या, माझ्या खळ्यात भट्टी पेटवलीस काय रे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एसी आतली उष्णता बाहेर टाकतो, हे मी वाचलं होतं. बाहेर म्हणजे गोदूकाकूंकडे, हा विचार केला नव्हता! काकू पदर खोचून दारात उभ्या राहिल्या.

"ती वाफ माझ्या घरात नको. आत्ताच्या आत्ता बंद कर!"

नाना शालीसकट उठले. "जावईबापू, बंद करा. माझ्यापायी शेजाऱ्यांशी भांडण नको. मी संध्याकाळच्या गाडीने निघतो."

शालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खटका बंद केला. काकू तरातरा गेल्या. नाना पिशवीत सदरा कोंबू लागले. भिंत, छत, वायर, माझी स्कूटर, सगळं त्या पिशवीतून पुण्याला निघालेलं मला दिसत होतं.

आणि पुन्हा आरोळी!

"गजाऽऽ! मेल्या, बंद का केलंस?"

आम्ही सगळे खळ्याकडे धावलो. मळभामुळे काकूंची फणसपोळी तीन दिवस ताटांत चिकचिकत पडली होती. एसीच्या मागे बाजेवर ठेवलेलं एक ताट काकूंच्या हातात होतं. त्यातली पोळी त्या गरम वाऱ्याने वाळून कडेने सुटून वर आली होती!

"लाव, लाव!" काकू म्हणाल्या. "रात्रंदिवस लाव! पाहुण्यांना म्हणावं, महिनाभर हलायचं नाही!"

नानांनी पिशवीतला सदरा बाहेर काढला. "लेकीच्या घरी महिना म्हणजे काही फार नाही," ते म्हणाले, आणि शालिनी एकदम हसत सुटली. तीन वर्षांनी आमची आमटी अप्रतिम झाली!

दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीतल्या बायका आपापली ताटं घेऊन काकूंच्या खळ्यात हजर झाल्या. नानांनी पुण्याला सगळ्या नातेवाइकांना पत्रं लिहिली, की रत्नागिरीसारखं थंड हवेचं ठिकाण नाही आणि आमच्या जावयासारखा जावई नाही.

काकूंची अट मात्र एकच होती. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून पोळ्या परतायला आणि कावळे हाकायला आमच्याकडून एक माणूस हवा. शालिनीला स्वयंपाक होता. आईला नानांशी गप्पा मारायच्या होत्या. नाना तर पाहुणे.

तेव्हा त्या मे महिन्यात सबंध रत्नागिरीत सर्वांत जास्त घाम कुणाला आला असेल, तर तो एसीच्या मागे बनियनवर बसून कावळे हाकणाऱ्या, एसीच्या मालकाला!