उभ्यानं भाजायची शेगडी

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता शिरूरच्या आमच्या घरात गाडीतून नेता येईल अशा शेगडीसाठी साडेतीन हजार रुपये मंजूर झाले. हजर चौघं: मी, बायको, माझे वडील आणि दौंडहून आलेले दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. वडिलांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. आप्पा त्या वेळी पेपर वाचत होते. रकमेवर त्यांनी मत दिलं नाही.

खरं तर सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता.

दरवर्षी जानेवारीत एक रविवार आमचं सगळं घर दौंडजवळ भीमेच्या काठावर असतं. दाजींची पिकअप वाळूकडं पाठ करून लावायची, मागचा फाळका पाडायचा आणि तोच आमचा ओटा. त्यावर चिरलेले कांदे, मीठ, तिखट, फडक्यात बांधलेल्या भाकरी. खाली तीन दगड मांडून बाभळीचा कोळसा पेटवायचा, वर जाळी, जाळीवर चिलापी मासा आणि वांगी. भाजायचं काम आप्पांचं. ते उकिडवे बसायचे आणि शेवटचा मासा उतरेपर्यंत उठायचे नाहीत. मध्ये कुणी चिमट्याला हात लावला तर नुसतं बघायचे. तेवढं पुरायचं.

मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, असं कागदावर लिहून दिलं. पुढच्या जानेवारीत आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची नेली, धूर लागू नये म्हणून बारा पावलं लांब ठेवली आणि भाजायला दाजी बसले. आप्पांच्या हातात आम्ही भरलेलं ताट दिलं. लग्नात दूरच्या पाहुण्याला बसवतात तसे ते बसले होते. जेवले, चांगलं झालंय म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी निघायच्या दिवशी सकाळी म्हणाले, "तुम्ही या जाऊन. मी घर राखतो." आमच्या घराला राखण लागत नाही. गल्लीत सगळे ओळखीचे आहेत. ते आले नाहीत, आणि येत्या जानेवारीतही येणार नाहीत हे दिसत होतं.

आप्पा दौंडला लोकोशेडमध्ये लागले, पुढं फायरमन झाले, वाफेच्या इंजिनावर कोळसा मारायचे. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ड्युटी संपवून ते यायचे तेव्हा आधी कोळशाचा वास दारात यायचा, मग ते. त्यांच्या डब्यात पुष्कळदा भाजलेलं वांगं असायचं. जाताना आईनं कच्चं दिलेलं, येताना इंजिनात भाजलेलं. आई ते सोलून, कांदा-तिखट घालून आम्हाला वाढायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव का नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मी चौथीत असताना एकदा ते मला शेडमध्ये घेऊन गेले. इंजिन उभं होतं, पण आत विस्तव होता. त्यांनी कोळशाचं फावडं इंजिनातल्या उकळत्या पाण्यानं धुतलं, पुसलं, त्यावर तेल सोडलं आणि दोन अंडी फोडली. मला म्हणाले, "आकडं मोज. धाला थांब." भट्टीचं दार उघडलं, फावडं आत गेलं. तोंडावर इतकी धग आली की मी सहालाच थांबलो. त्यांनी मात्र मनात दहापर्यंत मोजून मगच फावडं बाहेर काढलं. अंडी कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. आम्ही दोघांनी ती फावड्यावरूनच खाल्ली. मोजायची सवय मला तिथंच लागली असावी.

आता ती सवय माझा धंदाच आहे. रांजणगावच्या एका कंपनीत बाहेरून येणारा माल तपासणं हे माझं काम. चोवीस वर्षं झाली. साहजिकच शेगडीचा विषय निघाल्यावर मी तक्ता केला. वजन, मिटल्यावरचं माप, जाळीचं क्षेत्रफळ, तासाला किती कोळसा, पाय आहेत की नाहीत, किंमत. शेवटी तीन शेगड्या उरल्या.

पहिली गॅसच्या डब्यावर चालणारी. वजन सव्वाचार किलो, किंमत तीन हजार चारशे पन्नास, डबा वेगळा. आप्पांनी पेपरामागून विचारलं, "गॅसवरच भाजायचं तर नदीवर कशाला जायचं? आपला ओटा काय वाईट हाय?" ती गेली. दुसरी झाकणाची, पिंपासारखी. अकरा किलो. माझ्या गाडीच्या डिकीत ती बसली असती, पण मग भाकरी बसल्या नसत्या. तिसरी बॅगेसारखी मिटणारी, कोळशाची. तीन किलो शंभर ग्रॅम, जाळी त्रेचाळीस सेंटिमीटर बाय अठ्ठावीस, म्हणजे एका वेळी पाच चिलापी. किंमत दोन हजार एकशे पन्नास. सहापैकी पाच रकान्यांत ती पहिली आली.

दाजी म्हणाले, "इन्स्पेक्टर, लग्न जमवताना एवढं बघितलं होतं का?"

"बघितलं असतं तर जमलं असतं का," बायको म्हणाली. मग मला म्हणाली, "अहो, हिच्या पायांचं काय?"

"पाय आहेत. घडीचे आहेत," मी म्हणालो आणि ऑर्डर दिली.

शेगडी पाचव्या दिवशी आली. रविवारी गच्चीवर चाचणी ठेवली. आप्पा अठरा पायऱ्या चढून, दर सहा पायऱ्यांनी थांबत, वर आले. मी कोळसा पेटवून दोन वांगी ठेवली होती. शेगडी जमिनीवर होती. तिचे पाय वीस सेंटिमीटरचे होते. तक्त्यात पाय आहेत की नाहीत हा रकाना होता. ते किती उंच आहेत, हा नव्हता.

आप्पांनी चिमटा घेतला. डावा हात पाण्याच्या टाकीला टेकला, उजवा पाय मागं घेतला आणि वाकले. चिमटा वांग्यापर्यंत पोचला. एक वांगं त्यांनी उलटलं. सरळ व्हायला मात्र त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी आणि बायको दुसरीकडं बघत होतो.

"चांगली हाय. भाजतीया," ते म्हणाले. "जावई करतील." चिमटा कठड्यावर ठेवला आणि एकेक पायरी उतरत खाली गेले.

बायकोनं वांगी काढून घेतली. मला म्हणाली, "कंपनीत दिवसभर काय मोजता हो तुम्ही?"

एकदा पेटवलेली वस्तू परत पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून शेगडी ठेवून घेतली. मंजूर रकमेतले एक हजार तीनशे पन्नास उरले. टेबलावर ठेवावी म्हटलं, तर आमचं न्यायचं टेबल प्लॅस्टिकचं. दाजींना फोन केला. ते म्हणाले, "फाळक्यावरच ठेवू की. उंची बरोबर येती." फोन मोठ्या आवाजावर होता. आप्पांनी ऐकलं.

"पाव्हणं, खाली डिझेलची टाकी आन् वर इस्तू? रेल्वेत असता तर घरी बसवलं असतं तुमाला."

दाजी हसले. "मग तुम्हीच सांगा आप्पा, कसं करायचं ते."

"मला काय इचारता? मी कुठं येतोय?"

फोन झाला. आम्ही जेवायला बसलो. मी न राहवून म्हणालो, की आप्पा, तुम्हाला आता खाली बसता येत नाही त्याला आमचा इलाज नाही, पण खुर्चीत बसून भाजता येईल असं काही मिळालं तर बघू.

आप्पा भाकरी मोडत होते. ते थांबले. "बसून? आरं, इंजिनावर मी कवा बसून कोळसा मारला? सगळी नोकरी हुब्यानं केली. खाली बसायचो ते नदीवर दगडं बुटकी म्हणून."

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. त्यांना उकिडवं बसलेलं मी वर्षातून एक दिवस बघत होतो आणि भाजणं म्हणजे तेच, असं धरून चाललो होतो.

मी टेप आणली. आप्पा हात धुऊन भिंतीपाशी उभे राहिले, कोपर अंगाला लावून, हातात फावडं असल्यासारखे. उगाच दोनदा हाताची उंची बदलली. "हितं," म्हणाले. मी पेन्सिलीनं खूण केली. ब्याऐंशी सेंटिमीटर.

एवढ्या उंचीच्या शेगड्या विकत मिळत होत्या, पण त्यांचे पाय काडीसारखे. वाळूत रुतल्या असत्या. दाजी म्हणाले, दौंडला कुरकुंभच्या रस्त्यावर एक फॅब्रिकेशनवाला आहे, ट्रॉल्या आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो, त्याला दाखवू. मी कागदावर आकृती काढली, मापं टाकली आणि शनिवारी निघालो. आप्पा चपला घालून आधीच गाडीत बसले होते. कुठं निघालात, असं मी विचारलं नाही.

न्हावऱ्याच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना ते कागद बघत होते. "भोकं कुठं हायती?" त्यांनी विचारलं. मी हवेची भोकं वरच्या बाजूला काढली होती. त्यांनी खिशातल्या पेननं ती खोडली आणि खाली काढली. "हवा खालनं लागती. आन् मागली भिंत दोन बोटं उंच पायजे."

फॅब्रिकेशनवाला चाळिशीचा, कानाला पेन्सिल लावलेला. माझा कागद त्यानं एकदा बघून बाजूला ठेवला आणि आप्पांनाच विचारलं, "मामा, वापरणार कोण?"

"मी."

"मग हुबं ऱ्हावा जरा." त्यानं स्वतःच्या टेपनं माप घेतलं. ब्याऐंशीच आलं. मला बरं वाटलं.

मी म्हणालो, पत्रा गॅल्व्हनाइज्ड घ्या, गंज धरणार नाही. तो म्हणाला, "साहेब, खिडकीला घ्या तो. तापला की त्याचा धूर निघतो, डोकं धरतं. काळा पत्रा घेऊ. वापरून झाला की तेलाचा हात फिरवायचा."

"बराबर," आप्पा म्हणाले. "हा शिकलाय, पर तापलेल्या लोखंडाजवळ कवा ऱ्हायला न्हाई." हा म्हणजे मी.

दोन मिलिमीटरचा काळा पत्रा, अँगलचे चार पाय, ते काढता-घालता येतील असे बोल्टचे, आणि वाळूत रुतू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली हाताच्या पंजाएवढी चकती. किंमत दोन हजार तीनशे. मी म्हणालो, मंजूर रकमेच्या वर जातंय, घरी विचारावं लागेल. फॅब्रिकेशनवाल्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी लगेच हो म्हणालो. ॲडव्हान्स त्यानं घेतला नाही. "आधी पेटवून बघा. मामांना पसंत पडली तर पैसे."

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आम्ही काठावर होतो. थंडी बऱ्यापैकी होती. दाजींनी पिकअप लावली, फाळका पाडला. बहिणीनं बाजारातून सव्वातीन किलो चिलापी आणली होती, अकरा नग. नवी उंच शेगडी फाळक्यापासून सहा पावलं लांब, वाऱ्याच्या अंदाजानं आप्पांनीच उभी करवली. चारही पाय चकत्यांवर नीट बसले.

मी कोळसा ओतून सारखा पसरला. आप्पांनी तो पुन्हा ओढून घेतला. मागच्या दोन कोपऱ्यांत जाड, मध्ये पातळ, पुढं त्याहून पातळ. इंजिनाची भट्टी अशीच लावायची, हे त्यांनी दाजींना सांगितलं. कोपऱ्यात जाळ राहिला की मध्ये आपोआप येतो. मधेच ढीग केला तर धूर होतो आणि ड्रायव्हर शिव्या देतो.

"हितं ड्रायव्हर कोण?" दाजींनी विचारलं.

आप्पांनी मानेनंच बहिणीकडं दाखवलं. तिनं ऐकलं, पण कांदा चिरणं थांबवलं नाही. "व्हय, मीच. आन् माझी गाडी लेट झालीय, भुका लागल्यात."

पहिले पाच मासे पडले. दाजींनी सवयीनं चिमट्याकडं हात नेला.

"पाव्हणं, त्याला झोपू द्या जरा. सारखं उठवलं तर तो बी चिडतो."

दाजींनी हात मागं घेतला. आप्पांनी मासा कडेनं उचलून बघितला, ठेवला, दुसऱ्याला मागच्या कोपऱ्याकडं सरकवलं. तोंडावर धग आली की ते अर्धं पाऊल मागं जात होते आणि पुन्हा पुढं येत होते. मी घड्याळ लावलं होतं. डॉक्टरांनी सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहायचं नाही, असं सांगितलं होतं. अर्ध्या तासानं मी खुर्ची नेऊन त्यांच्या मागं ठेवली. ते म्हणाले, "असू दे तिथं." चाळिसाव्या मिनिटाला बसले. पाच मिनिटांनी उठून उरलेली वांगी लावली. आम्ही सगळे जेवून झाल्यावर त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, फाळक्याला टेकून, उभ्यानंच खाल्लं.

परतताना ते म्हणाले, "आधी कुरकुंभच्या रस्त्याला घे."

रविवार असूनही दुकान अर्धं उघडं होतं. मी पाकीट काढलं. आप्पांनी माझा हात खाली केला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून स्वतःचे पैसे काढले.

"आप्पा, घरातनं मंजूर झालेत," मी म्हणालो.

"ते घरातल्या शेगडीचं. ही माझी हाय."

दोन हजार तीनशे रुपये, पेन्शनचे, रोख, त्यांनी फॅब्रिकेशनवाल्याच्या हातात मोजून दिले. घासाघीस केली नाही. वर पेपरात गुंडाळलेल्या दोन चिलापी दिल्या, आणि थंड झाल्यात, तव्यावर जरा फिरवून घे, असं सांगितलं.