सुळकन वळलेली गाडी

मी माझ्या चुलत भावाला, विनायकला, फसवलं. गाडीच्या व्यवहारात फसवलं, जाणूनबुजून फसवलं, आणि त्यात भरडली गेली त्याची आई — माझी काकी. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गाळ्यावरच्या माणसांना नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ उचलत नाही.

विनायकबद्दल मी चांगलं बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी चूक कबूल करतोय म्हणजे माझा राग गेला असं नाही.

लालबागच्या एकाच चाळीत, शेजारशेजारच्या खोल्यांत आम्ही वाढलो. तो शिकला, इंजिनिअर झाला, कंपनीत वर चढत गेला. मी दहावीला आपटलो. बापाने घराबाहेर काढलं तेव्हा काकीने मला तिच्या दारात बसवून जेवू घातलं, आणि बापाला ऐकू जाईल असं म्हणाली, “पोराला जेवू द्या आदी, मंग मारा काय ते.” त्यानंतर मी परळच्या एका गॅरेजमध्ये गाड्या धुतल्या, मग खोलल्या, मग विकल्या. आज जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा माझा स्वतःचा गाळा आहे. चाळीचा टॉवर झाला, त्यात मी चौदाव्या मजल्यावर आणि विनायक नवव्यावर. कोणाच्या ओळखीने नाही, बोलीवर उभा राहिलो. समोरच्याच्या तोंडून शेवटची किंमत कशी काढायची हे मला कळतं. बाकी फारसं काही कळत नाही.

विनायकच्या मुलीचा साखरपुडा दादरच्या एका हॉलवर होता. सकाळपासून मी जेवणावळीच्या मागे उभा होतो, आचाऱ्याशी भांडत होतो. दुपारी त्याने मला व्याह्यांसमोर बोलावलं, खांद्यावर हात टाकला आणि ओळख करून दिली — “हा आमचा दलाल. जुन्या गाड्यांचा. ह्याच्याकडून सगळं घ्या, फक्त गाडी घेऊ नका.” सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गमतीचं काय? एवढंसंच आहे. पण ते हसू मी घरी घेऊन आलो आणि जपून ठेवलं. असल्या गोष्टी मला नीट जपता येतात.

नंतर वर्षभराने तोच विनायक चौदाव्या मजल्यावर चढून आला. गाडी घ्यायची होती. आमच्या सगळ्या नातेवाइकांत गाडी घ्यायची तर मला पुढे घालायचं, हा रिवाज आहे. दलाल म्हणायचं आणि बोली करायला दलालालाच न्यायचं.

गाडी काकीसाठी हवी होती. आमचं गाव रत्नागिरीकडचं, आणि काकीचं घर वरच्या वाडीत. डांबरी रस्ता खाली संपतो. तिथून वर तांबड्या मातीचा, जांभ्याच्या दगडगोट्यांचा उभा चढ. रिक्षावाले यायला नाही म्हणतात. काकीचे दोन्ही गुडघे गेलेले. कितीतरी वर्षं ते घर बंद होतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते — उघड्या घराच्या अंगणात नाचते, घरची बाई ओटी भरते, आणि बंद घरासमोरून पालखी तशीच पुढे जाते. आपल्या दारावरून देव दरवर्षी तसाच निघून जातो, हे काकीला सलत होतं. तिला एकदा घर उघडायचं होतं आणि आपल्या हाताने ओटी भरायची होती. ऐंशीच्या घरातल्या बाईने मागितलं ते इतकंच.

विनायकच्या मनात नवी इलेक्ट्रिक गाडी होती. डोंगरात, मातीत चालणारी, चारही चाकांना ओढ असलेली. मी शोरूममध्ये बरोबर गेलो. काकीलाही नेलं होतं. ती मागच्या सीटवर बसली, गाडी निघाली, आणि ती म्हणाली, “चालू हाय ना रं? का नुसतीच ढकलतायत?” विनायक हसला. मग मी चालवली. खरं सांगू? पाय टेकवताच गाडी जी उचलली गेली, तशी ओढ मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी चाचणीसाठी उभ्या केलेल्या लोखंडी चढावर मध्येच थांबवून पुन्हा वर घेतली, तर एक इंचही मागे आली नाही. त्या चढासाठी तीच गाडी होती. हे मला तिथेच, स्टिअरिंगवर हात असताना कळलं.

आणि तिथेच मला ती गाडी नकोशी झाली. का? तिच्यात माझं कामच नव्हतं. किंमत ठरलेली. बाजूला घेऊन बोलायला कोणी मालक नाही. कान लावून ऐकायला इंजिन नाही. टाय घातलेली एक मुलगी टॅबवर आकडे दाखवत होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. विनायक तिच्याशी बोलत होता, मी मागे उभा. दलालालासुद्धा काही किंमत असते, इथे तीही नव्हती.

घरी आल्यावर मी इलेक्ट्रिकवर तुटून पडलो. घाटात बॅटरी बसते म्हणालो — बसत नाही. गावात व्होल्टेज टिकत नाही म्हणालो. गावच्या वायरमनला मी आधीच फोन केला होता, आणि नवीन लाइन आल्यापासून काही त्रास नाही असं तो मला स्पष्ट म्हणाला होता. शेवटी म्हणालो, आपली सोसायटी पार्किंगमध्ये चार्जर लावू देणार नाही. सोसायटीच्या कमिटीत मी आहे. चार्जरला परवानगी द्यायची असं आमचं आधीच्याच मीटिंगमध्ये ठरलेलं होतं, आणि हात वर करणाऱ्यांत मी होतो. इंजिनिअर माणूस, पण त्याने पडताळून पाहिलं नाही. “तुला जास्त कळतं त्यातलं,” म्हणाला. हेच वाक्य साखरपुड्यात म्हणाला असता तर?

मग मी त्याला जुनी पेट्रोलची फोर-बाय-फोर दाखवली. एका ओळखीच्या विक्रेत्याकडची, रंग तकतकीत, इंजिन सुरेख. शिवडीला गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही ती फिरवली. आता इथे थोडं समजावून सांगावं लागेल, कारण माझी सगळी लबाडी या एका वळणात आहे. अशा गाडीत लिव्हर टाकला की पुढची चाकंही ओढायला लागतात, आणि समोर हिरवा दिवा लागतो. पण तो दिवा गिअरपुरता. पुढची चाकं खरंच जोडली गेली की नाही, ते दिव्याला माहीत नसतं. ते बघायची आमची रीत सोपी आहे. कोरड्या डांबरावर लिव्हर टाकायचा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवायची. चाकं जोडलेली असतील तर गाडी अडते, कण्हते, टायर घासत उड्या मारतात. अडली तर गाडी चांगली.

मी विनायकला तसं करायला सांगितलं. हिरवा दिवा लागला. गाडी सुळकन वळली.

“काय स्मूद आहे रे,” तो खूश होऊन म्हणाला. “जुनी वाटतच नाही.”

मी म्हणालो, “बघ.”

एवढंच बोललो. त्या “बघ”वर मी अजून जगतोय. मग आमच्या धंद्यातल्या पद्धतीप्रमाणे त्याला कोपऱ्यावर चहाला पाठवलं आणि विक्रेत्याला बाजूला घेतलं. म्हटलं, पुढची चाकं मेलीत तुझी, आता बोल. त्याचा चेहरा पडला. त्या दोषाच्या जोरावर मी किंमत एवढी खाली आणली की विनायकचा विश्वास बसेना. रात्री त्याने घरी पेढे आणले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, “मानलं तुला.” ज्या बिघाडावर मी सौदा जिंकला, तो बिघाड त्याच्याच गाडीत ठेवून मी त्याचा पेढा खाल्ला.

मला काय हवं होतं? कोणी मरावं असं नव्हतं हो. तो गावच्या कुठल्यातरी चिखलात अडकावा आणि त्याने मला फोन करावा — ये रे, तुझ्याशिवाय जमत नाही. मला तो फोन हवा होता. गाडीत काकी असेल हा विचार केला नव्हता, असं लिहायचं मनात होतं. खोटं आहे. विचार आला होता. मी तो बाजूला सारला.

शिमग्याला आम्ही चौघं निघालो. विनायक चालवत होता, मी शेजारी, मागे काकी आणि विनायकची बायको मेधा. काकीने नवी कोरी नऊवारी नेसली होती, मांडीवर ओटीचं ताट. डांबर संपलं तिथे विनायकने लिव्हर टाकला. दिवा लागला. निम्म्या चढावर गोटे सुटे झाले होते, तिथे मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तांबडा धुरळा उडाला, आणि गाडी तिरकी होऊन मागे घसरत चरात जाऊन बसली. पुढची चाकं नुसती उभी होती. ती का उभी आहेत हे त्या गाडीत एकट्या मला माहीत होतं.

वरून ढोल ऐकू यायला लागले. वाडीतले सगळे गडी पालखीबरोबर, खाली चिटपाखरू नाही. आम्ही दोघांनी काकीला उचलायचा प्रयत्न केला. चार पावलांत ती गुडघा धरून कळवळली, तिला परत सीटवर बसवावं लागलं. मेधा ताट आणि किल्ली घेऊन धावत वर गेली. पालखी अंगणात नाचली. ओटी मेधाने भरली. काकी खाली, कलंडलेल्या गाडीत, हात जोडून ढोल ऐकत राहिली. मग ढोल पलीकडच्या वाडीकडे उतरले.

मेधा आल्यावर काकीने विचारलं, “वटी भरलीस ना गं?”

“हो.”

“मंग झालं.” आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी बोललो — पण काय? दोर घेऊन गावकरी आले, त्यांच्यादेखत मी विनायकवर ओरडलो. “चालवता येत नाही तर घेतोस कशाला असली गाडी? आईला मारशील एक दिवस.” तो मान खाली घालून उभा राहिला. आणि मला — लिहायला लाज वाटते, तरी लिहितो — मला त्या क्षणी बरं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात काकी गेली. त्यानंतर विनायकने गाडीला हात लावला नाही. माझ्याकडेच विकायला दिली. गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी मी ती खोलली. पुढच्या चाकांकडे जाणारी, हवेच्या ओढीने ती जोडणारी एक रबरी नळी चिरली होती. बोटाएवढी. चहा निवायच्या आत बदलून झाली. शिवडीच्या त्याच रस्त्यावर पूर्ण वळवली, तर गाडी अडली, कण्हली, टायर घासले. चांगल्या भावाने विकली.

विनायक मात्र अजून प्रत्येक नातेवाइकाला सांगत असतो, “माझ्या चालवण्यामुळे आईला पालखी मिळाली नाही.” लग्नात सांगतो, बाराव्याला सांगतो. मी शेजारी बसून ऐकतो. मागे एका मामाने त्याला तोंडावर सुनावलं, तेव्हाही मी वाटीतली भाजी चिवडत बसलो.

विनायक, व्याह्यांसमोर मला जे बोललास त्याचा राग मी सोडलेला नाही, आणि सोडीन असंही वाटत नाही. पण तो हिशेब वेगळा. त्या चढावर तू गाडी नीट चालवलीस, तिथे कोणीही चालवली असती तरी ती घसरलीच असती. आईचा जाब स्वतःला विचारणं बंद कर. तो मला विचार. मेधासमोर विचार, त्या मामासमोर विचार, हवं तर कमिटीच्या मीटिंगमध्ये उभा राहून विचार. उत्तर मीच द्यायचं आहे.