नावासकट आलेलं पाणी

त्या उन्हाळ्यात माझा देवावरचा विश्वास उडाला नव्हता, देवाचं नाव घेणाऱ्या माणसांवरचा उडाला होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं मी तेव्हा सगळ्यांना ठणकावून सांगायचे. सोमवार धरायचे, महादेवाच्या पायरीला डोकं टेकवल्याशिवाय कामाला लागायचे नाही, आणि कामाला लागले की आमच्या संघटनेची पत्रकं वाटायचे. माझी आई कुणाला काही द्यायची ते ताटावर पदर झाकून. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून. दान म्हणजे काय ते मी असं घरात बघून शिकले होते. त्यामुळे जे लोक आधी फोटोवाला बोलावतात आणि मग दान करतात, त्यांच्याबद्दल मला नुसता राग नव्हता, किळस होती. देवाच्या नावानं दिलेलं, पण असल्या हातून आलेलं, ते देवाचं म्हणायचं का? हा प्रश्न मला खरोखर छळायचा. आणि उत्तर मला माहीत आहे असंही वाटायचं.

आमचं गाव नांदूरघाटाच्या बाजूचं. सलग दुसऱ्या वर्षी विहिरी कोरड्या पडल्या होत्या. गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन माळकरी माणूस. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, पांढरे कपडे कडक इस्त्रीचे. त्यांनी स्वतःच्या खर्चानं टँकर सुरू केला. टँकरवर डाव्या बाजूला विठोबा, उजव्या बाजूला चेअरमन साहेब, आणि दोघांत साहेब मोठे. टँकर आला की आधी हार, मग नारळ, मग फोटो, मग नळी. बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या. मी पत्रक काढलं, 'देणाऱ्याचा फोटो की घेणाऱ्याची तहान?' असा मथळा देऊन. दोन पानं. त्यात मी विचारलं होतं की ज्याला देव दिसतो त्याला कॅमेरा कशाला लागतो. आजही मला त्यातली वाक्यं पाठ आहेत. वाक्यं चांगली होती, हे मी लपवत नाही.

संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मी उभी राहिले आणि सरळ विचारलं, "साहेब, टँकरवरचं नाव पुसलं तर पाणी थांबंल का?" सगळ्यांसमोर ते काय बोलणार? म्हणाले, "न्हाई थांबणार, ताई." टाळ्या पडल्या. तिथंच ठरलं की गावाच्या शिवारात नावाचा, फोटोचा टँकर आणायचा नाही. कुणाला द्यायचं असेल त्यानं गुप्तदान द्यावं. दुसऱ्या दिवशी संघटनेतल्या आम्ही चौघांनी टँकरवर राखाडी रंग फासला. विठोबाही त्यात गेला. तेव्हा मला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण मी स्वतःला समजावलं की देवाला चालेल.

आठवडाभर टँकर आला. मग दिवसाआड. मग कधीतरी. भांडायला जावं तर कुणाशी? ड्रायव्हर नळी गुंडाळत म्हणायचा, "ताई, पयले उशीर झाला की लोक सायबाला फोन लावून शिव्या द्यायचे, मग सायब मला द्यायचे. आता टँकर कुणाचाच न्हाई. मला कोण शिव्या देणार?" तो हसत सांगायचा आणि मला त्यात फक्त साहेबांचा खोटेपणा दिसायचा. बघा, नाव गेलं की दानत गेली, असं मी पुढच्या पत्रकात लिहिलंसुद्धा.

गावाला निदान दर तिसऱ्या दिवशी सरकारी टँकर होता. पण गावापासून कोसभर लांब, माळावर, धनगरांची वस्ती आहे. सात-आठ घरं. ती वस्ती सरकारी यादीत नव्हती. तिथं फक्त चेअरमनचा टँकर जायचा, कारण माळावर उजेड चांगला आणि मेंढरांसकट फोटो झकास यायचा. हे मी स्वतः पत्रकात चेष्टेनं लिहिलं होतं. टँकर बंद झाला तसा सगळ्यात आधी तो या वस्तीचा बंद झाला. वस्तीवरचे बाप्ये मेंढरं घेऊन गेवराईकडे, गोदावरीच्या काठाला गेलेले. मागं राहिल्या होत्या म्हाताऱ्या, आणि त्यांच्यातल्या ठकूआजीची सून मंगल, कारण तिचे दिवस भरले होते. तिला मुलगी झाली, आणि वस्तीवरचा टँकर बंद झाला तोही त्याच दिवशी.

मी केजला तहसीलला गेले. अर्ज दिला. वस्ती यादीत घ्यायला प्रस्ताव लागतो, पाहणी लागते, असं उत्तर मिळालं. मी तिथं आवाज चढवला, फार चांगलं बोलले, बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. पाणी मात्र आलं नाही. आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला जड जातं. चेअरमनचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एक फोन केला असता तर टँकर आला असता, हे मला पक्कं माहीत होतं. मी फोन लावला नाही. त्या माणसापुढं वाकायचं नाही, एवढंच डोक्यात. भावाच्या मोटारसायकलला दोन कॅन बांधून मी रोज पाणी नेत राहिले आणि त्यालाच सेवा म्हणत राहिले. दोन कॅनमध्ये आठ घरं, दोन म्हशी आणि एक बाळंतीण. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी दुपारी पोचले तेव्हा एका कॅनचं बूच सैल होऊन अर्धं पाणी वाटेत सांडलेलं. मंगल खोपीत बाजेवर पडलेली, अंगात ताप, ओठ फाटलेले. सकाळी आरोग्य केंद्राची आशाताई गोळ्या देऊन गेली होती आणि भरपूर पाणी पाजा म्हणाली होती. पोर छातीला लागायची, ओढायची आणि सोडून रडायची. ठकूआजीनं कॅन हातात घेऊन हलवून बघितला.

"दूध आटायलंय तिचं," ती म्हणाली. "त्यो टँकर कावून बंद झाला, पोरी?"

मी सांगायला लागले. नाव, फोटो, देवाच्या नावानं चाललेला बाजार, सगळं. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग खोपीच्या कुडात खोचलेला कागद काढला. माझंच पत्रक. दिव्याची काच पुसायला ठेवलं होतं.

"मला वाचता येत न्हाई. ह्ये खाली, सगळ्यात ठळक काय लिवलंय?"

"माझं नाव हाय, आजी."

"असं व्हय." तिनं कागद परत कुडात खोचला. "मंजी त्याचं पुसायचं आन् तुझं ठिवायचं."

म्हातारी रागानं बोलली नव्हती, ती तर लगेच मंगलच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायला लागली. वर न बघताच म्हणाली, "तुझा देव लई निवडक हाय बाई. त्याला धुतलेलाच हात लागतो."

मी बाहेर आले. वस्तीच्या कडेला लिंबाखाली बिरोबाचं ठाण आहे, शेंदूर लावलेला दगड आणि त्याच्यापुढं मेंढरांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद, तळाला तडे गेलेली माती. तिथं बसले. मी आयुष्यात पुष्कळ वेळा देवाकडं मागितलं होतं, पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की प्रत्येक मागण्याला मी अट जोडायची. पाऊस दे, पण लुटणाऱ्यांच्या उसाला नको. न्याय दे, पण आमच्या हातून. पाणी दे, पण स्वच्छ माणसाकडून. जणू देव माझ्या संघटनेचा कार्यकर्ता आहे आणि मी त्याला कामं वाटून देते आहे. मी हात जोडले आणि एवढंच म्हणाले की येऊ दे, कुणाच्याही हातून, कुणाच्याही नावानं. मला काही वेगळं जाणवलं नाही. वारा सुटला नाही. फक्त खूप दमल्यासारखं वाटलं आणि मी तशीच बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. खोपीतून पोरीचं रडणं येत होतं आणि मधेच थांबत होतं. ते थांबलं की जास्त भीती वाटायची.

मग माळावर धुरळा दिसला. पुढं टँकर, मागं चेअरमनची जीप. टँकरवर नवाकोरा फ्लेक्स, त्यावर त्यांचा हात जोडलेला फोटो. तेलगावच्या बाजूला एका गावात सप्ताह चालू होता, तिथल्या पंगतीला पाणी घेऊन निघाले होते. पुलाचं काम काढल्यामुळं डांबरी रस्ता बंद होता, म्हणून ड्रायव्हरनं गाडीवाट धरली होती. देवानं पूल बंद केला असं मी म्हणणार नाही. आमच्याकडचे रस्ते बंद पडायला देवाची गरज लागत नाही. जे घडलं ते तेवढंच सांगते.

मी वाटेत जाऊन उभी राहिले. जीप थांबली. साहेबांनी काच खाली केली.

"नमस्कार, ताई. आमी थांबत न्हाई, नुसतं चाललोय. तुमच्या शिवारात आमचं नाव चालत न्हाई, ठाऊक हाय मला."

"साहेब, इथं पाणी उतरवा. बाळंतीण आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना मजा वाटत होती, ते दिसत होतं, आणि मी ते बघून घेतलं.

"नावासकट?"

"नावासकट," मी म्हणाले.

मागच्या सीटवरचा केजच्या स्टुडिओतला फोटोग्राफर कुरकुरला, "साहेब, तिकडं हजार माणूस वाट बघायलंय. इथं चार म्हाताऱ्या. काय फोटो निघणार?"

साहेब वस्तीकडं बघत होते. ठकूआजी दारात येऊन उभी होती, कडेवर ती पाच दिवसांची पोर, फडक्यात गुंडाळलेली. "फोटो कुठंबी निघतो की रे," ते म्हणाले. "लाव नळी."

हौद भरायला लागला. फोटोग्राफर मला म्हणाला, "ताई, नळीला हात लावा, साहेबांच्या शेजारी या. वर बघा." मग आतून मंगल कण्हल्याचा आवाज आला आणि मी पुढं झाले, नळीला हात लावला, वर बघितलं. त्यानं तीन फोटो काढले. मी तिन्ही वेळा उभी राहिले. नळीतलं पाणी गार होतं, हाताला त्याचा जोर लागत होता, आणि मला आठवतं की त्या क्षणी माझ्या मनात साहेबांविषयी काहीच नव्हतं, राग नाही, कृतज्ञताही नाही. फक्त पाणी येतंय, येतंय, एवढंच होतं.

मंगल घोट घोट करत एक तांब्या प्यायली, मग दुसरा. ठकूआजीनं ओलं फडकं तिच्या कपाळावर ठेवलं. उन्हं कलताना पोर छातीला लागली ती सुटली नाही. मी दारातून बघत होते. बाहेर साहेबांनी चपला काढल्या होत्या आणि बिरोबापुढं डोळे मिटून उभे होते. फोटोग्राफर तेव्हा त्यांच्याजवळ होता की जीपमध्ये जाऊन बसला होता, ते मी बघितलं नाही. बघावं असं मनातच आलं नाही.

फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. माझ्याच सोबत रंगाचा डबा धरणारा एक जण म्हणाला, "काय ताई, चेअरमनच्या टँकरवर आता तुमचाबी फोटो लावायचा का आमी?" दुसरा बोलायचाच बंद झाला. पुढच्या सभेत मीच उभी राहिले आणि ठराव मागं घ्या म्हणाले. टँकरवर नाव असू द्या, पण फोन नंबरही मोठ्या अक्षरात टाका, म्हणजे ज्या दिवशी पाणी येणार नाही त्या दिवशी लोकांना विचारता येईल. साहेब हसले, पण नंबर टाकला. आता तो नंबर सगळ्यात जास्त ठकूआजी लावून घेते.

माझी पत्रकं बंद झालेली नाहीत. उसाला पाणी कुठून येतं आणि वस्त्या यादीत का येत नाहीत, हे मी विचारत राहणार. आणि देणाऱ्याच्या मनात काय आहे याला महत्त्व नाही, असंही मला वाटत नाही. महत्त्व आहे, पण ते त्याचं आणि देवाचं बोलणं आहे. मी त्या दोघांच्या मधे कान लावून बसले होते, आणि इकडं एका पोरीचं दूध आटत होतं. माझ्या मनात तरी कुठं निर्मळ होतं? आणि तरी त्या दिवशी देवानं मला नळी धरू दिली. याचं ऋण कसं मानावं ते मला अजून कळत नाही.

मंगल उठून बसायला लागल्यावर एका सोमवारी मी वस्तीवर गेले. हौदातून तांब्या भरला आणि बिरोबाला घालायला निघाले. ठकूआजी म्हणाली, "थोडंच घाल गं. आन् कुणाकडनं हाय त्ये सांग देवाला, त्याला कळाया नको का?" मी दगडापुढं वाकले. चेअरमन साहेबांचं नाव घेतलं, त्यांच्या वडलांच्या नावासकट. मग ड्रायव्हरचं, मंगलचं, तिच्या पोरीचं. माझं घ्यायचं राहून गेलं. ते आठवलं गावात पोचल्यावर.