नळ चालू, घर रिकामं

नांदेडला माध्यमांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी आम्हा तिघांना मिळून एक छोटा थरारपट करायचा होता. दिग्दर्शन लातूरच्या मैत्रिणीकडे, कॅमेरा नांदेडच्याच एका मित्राकडे, लेखन माझ्याकडे. गोष्ट बेपत्ता झालेल्या बाईची होती. सुरुवात कशाने करायची, यावर कँटीनमध्ये वाद झाला.

मित्राला पळणारे पाय हवे होते. "अंधारी गल्ली, धापा, आन एकदम किंकाळी. पब्लिक जागेवर गार!"

"नळ," मैत्रीण म्हणाली. "नळ चालू, आन घरात कुणीच न्हाई."

"त्यात काय? विसरतं माणूस."

"तुमच्याकडं विसरत असंल. बोअरवाले तुम्ही."

तिच्या गल्लीत नळ आठवड्याने येई, कधी त्याहून उशिरा. त्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर जात नसे. भांडं भरून वाहू लागलं आणि कुणी धावलं नाही, तर त्या घरात काही भलतं घडलं, हे गल्लीला लगेच कळे. तिचं दृश्य असं: ड्रम भरतो, वाहतो, पाणी उंबरा ओलांडून गल्लीत येतं. शेजारीण ओरडत येते. आतून उत्तर येत नाही.

मी ते जसंच्या तसं लिहिलं. मित्रही तयार झाला.

चित्रीकरण तिच्याच घरी, नळाच्या दिवशी ठरलं. नातेवाइकांचा आग्रह डी.एड.चा असताना मुलीला या शिक्षणाला पाठवणारी आईच होती. तिला बेत सांगितला तेव्हा ती बराच वेळ ड्रमकडे पाहत राहिली.

"खोटं खोटं सांडता येत न्हाई का?"

"मावशी, पाण्याचं सोंग नाही करता येत," मित्र म्हणाला.

"मग आधी भरून घेते. उरलं तर सांडा."

पण शेवटी धार बारीक होते. दृश्याला सुरुवातीचा जोर हवा होता. हे मुलीने आईला सांगितलं. त्या दिवशी गोधड्या धुवायच्या म्हणून तिने अंगणात आणून ठेवल्या होत्या. त्या उचलून तिने आत नेल्या. "घ्या. तुमचं होऊ द्या आधी."

नळ आला. ड्रम भरला, वाहिला, पाणी गल्लीत गेलं. शेजारणीला काय बोलायचं ते शिकवलं होतं. ते ती विसरली आणि खरीच कावली: "अगं ए, पोरीच्या नादानं येडी झालीस का? बंद कर की!" कॅमेऱ्यामागे उभी आई पदर तोंडाला लावून हसत होती. नजर मात्र पाण्यावरच होती.

नांदेडला सरांनी आणि वर्गाने ते पाहिलं. सर म्हणाले, माहितीपट वाटतो. मागून कुणीतरी विचारलं, "नळ दुरुस्तीची जाहिरात हाय का?" वर्ग हसला. मैत्रिणीने एकदा समजावून पाहिलं. दुसऱ्यांदा नाही. तिने स्वतःच ते दृश्य काढलं. आम्ही दोघांनी थांबवलं नाही. कॉलेजच्या मागच्या बोळात पळणारे पाय चित्रित झाले.

प्रदर्शनाला आई लातूरहून एसटीने आली. ठेवणीतली साडी नेसून ती पुढच्या रांगेत बसली. पडद्यावर पाय पळाले, किंकाळी आली, टाळ्या पडल्या. घराचं दार दिसलं की ती थोडी पुढे सरके. चित्रपट संपून दिवे लागले, तरी ती पडद्याकडेच पाहत होती.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "नळाचं कधी येऊन गेलं? मला दिसलं न्हाई."

"काढलं, आई. लांबत होतं."

"हां." आई थोडं चालली. "आधी बोलली असतीस तर भरून घेतलं असतं गं."

आवाजात राग नव्हता. मैत्रीण तिच्या बरोबरीने स्टँडपर्यंत चालत गेली. आम्ही मागे राहिलो.