फूटभर जास्तीची नळी

जमिनीखाली तेलाचं तळं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मास्तरांच्या तावडीत सापडायला हवं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, तेल कंपनीच्या खडक-प्रयोगशाळेतले. एकतीस वर्षं काचेच्या नळीतलं तेल थेंबाथेंबानं मोजल्यामुळे लोक त्यांना थेंबमास्तर म्हणायला लागले, आणि पुढे नुसतेच मास्तर. कोणी पाहुणा आला की ते त्याच्या हातात मुठीत मावेल असा दगडाचा गोल तुकडा ठेवत आणि म्हणत, "हं, यात तेल आहे. काढून दाखवा." पाहुणा तुकडा उलटासुलटा करून बघे, हुंगूनही बघे. मग मास्तर खुशीत येऊन सांगत, की तेल असतं खडकाच्या बारीक बारीक छिद्रांत. सुरुवातीला ते आपल्या जोरानं वर येतं. जोर सरला की एका विहिरीतून पाणी आत ढकलायचं आणि दुसरीतून तेल बाहेर काढायचं. कितीही ढकललं तरी निम्मंशिम्मं तेल खडकाला चिकटून राहतंच. नेमकं किती राहील ते आधी सांगणं, हे मास्तरांचं काम.

त्यासाठी तुकडा पोलादी नळकांड्यात घट्ट बसवायचा, तेलानं भरायचा, आणि पंपानं एका बाजूनं अगदी हळू पाणी सोडायचं. दुसऱ्या बाजूनं जे येईल ते खुणांच्या काचेच्या नळीत धरायचं. तेल वर, पाणी खाली, मधल्या रेषेशी डोळा आणून आकडा वाचायचा. यात एकच गोम आहे. खडकापासून काचेपर्यंत जी धातूची बारीक नळी जाते तिच्यातही तेल असतं, आणि तेही खाली येऊन पडतं. ते खडकाच्या नावावर मांडायचं नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी खडकाच्या जागी भरीव पोलादाचा तुकडा बसवून एक कोरी फेरी करायची, नळीतलं तेल मोजायचं, आणि शेवटी तेवढं वजा करायचं. हा नियम मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भिंतीवर लावला होता. कोणी टंगळमंगळ केली तर त्याची अशी हजेरी घेत, की तो आठवडाभर त्यांच्या टेबलाकडे फिरकत नसे.

आणि या खेपेला कोरी फेरी केली नव्हती ती खुद्द मास्तरांनी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! फेरीला अर्धा दिवस जातो, वरून घाई चाललेली, आणि गेली नऊ वर्षं आकडा एकच येत होता, एक पॉइंट चार मिलिलिटर. मास्तरांनी तो पाठचा आकडा वजा केला, सही ठोकली आणि कागद वर पाठवला.

मंगळवारी चहाच्या वेळी प्रयोगशाळेचा फिटर सहज म्हणाला, "मास्तर, तो मोठा ओव्हन सरकवला ना, तेव्हा तुमची जुनी नळी पुरेना. फूटभर जास्तीची लावलीय. ठीक चाललंय ना?"

मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं. "कधी लावलीस?"

"मागच्या महिन्यात. तुम्ही रजेवर होता."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कोरी फेरी करताच की. मला वाटलं, तिच्यात कळेल."

मास्तरांनी चहा तसाच ठेवला आणि दुपारी कोणाला काही न सांगता कोरी फेरी केली. आकडा आला दोन पॉइंट तीन. म्हणजे खडकातल्या बारा मिलिलिटर तेलातून सहा निघालं असं जे त्यांनी लिहून दिलं होतं, ते खोटं होतं. निघालं होतं पाच पॉइंट एक. शंभरात पन्नास नव्हे, साडेबेचाळीस. त्यांनी तीनदा गणित केलं, एकदा बोटांवरसुद्धा केलं.

हा तुकडा दुसरीकडचा कुठला असता तर मास्तरांना फक्त लाज वाटली असती. पण तो होता टेकड्यांपलीकडच्या जुन्या तेलक्षेत्राचा. तिथला जोर संपत आला होता. पाणी सोडून शंभरातलं पंचेचाळीस तरी तेल निघणार असेल तरच ते चालू ठेवायचं, नाहीतर बंद, असं ठरलं होतं. बाकीची सगळी मोजमापं झाली होती, अडलं होतं ते या एका आकड्यावर. अहवाल शुक्रवारी जायचा होता. आणि त्या क्षेत्रावर पंप चालवत होता मास्तरांचा जावई. क्षेत्र बंद झालं तर तिथल्या माणसांची रवानगी दोन दिवसांच्या वाटेवरच्या नव्या क्षेत्रावर होणार होती. लेक दोन गल्ल्यांपलीकडे राहायची. पाच वर्षांची नात शाळा सुटली की आजोबांच्याच घरी यायची.

संध्याकाळी ताटावर बसले तरी घास उतरेना. बायकोनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट पुढ्यातून उचलायला लागली तेव्हा मास्तरांनी सगळं सांगितलं.

"अहो, कोणाला कळलंय का हे?"

"मला कळलंय."

"तुम्हाला सोडून?"

"अजून नाही."

"मग हात दाखवून अवलक्षण कशाला? मशीनंच तर आहेत, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. पोर जवळ आहे तर राहू दे की." आणि ती रडायलाच लागली. मास्तरांना तिचा राग आला नाही. हेच सगळं ते दुपारपासून स्वतःला सांगत होते. इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसलो तर उद्या नव्या विहिरी खोदतील, वर्षानुवर्षं पाणी ढकलत राहतील, आणि आपण कबूल केलेलं तेल येणारच नाही. तेव्हा जावयाचं क्षेत्र आणखी वाईट रीतीनं बंद पडेल, किंवा पडणारही नाही, कोणी सांगावं!

बुधवारी सकाळी ते क्षेत्राचं काम पाहणाऱ्या इंजिनियर बाईंसमोर उभे राहिले. शिकाऊ असताना बाई रेषा वाचायला मास्तरांकडूनच शिकल्या होत्या. मास्तरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी कागद ओढून वजाबाकी स्वतः करून पाहिली.

"मास्तर, कोरी फेरी? तुम्ही?"

"हो, मीच."

बाईंनी पुढे काही सुनावलं नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. त्याच खडकाचा जोडीचा तुकडा तेवढंच, बारा मिलिलिटर तेल भरून तयार होता. शुक्रवार सकाळपर्यंत त्याच्यावर प्रयोग पुरा करायचा, येईल तो आकडा खरा, असं ठरलं. खडक सगळीकडे सारखा नसतो. तुकडा चांगला निघाला तर? एवढीशी आशा धरून मास्तर कामाला लागले. कोरी फेरी पुन्हा केली, पुन्हा दोन पॉइंट तीन. मग पंप चालू केला.

पहिले काही तास नुसतं तेल आलं आणि मास्तरांचा जीव थोडा खाली बसला. मग पाण्याचा पहिला थेंब आला. पाणी एकदा वाट काढून पलीकडे पोहोचलं की त्याच वाटेनं धावतं, आणि तेल मागे राहायला लागतं. काचेतली रेषा सात पॉइंट सातला पोहोचली तर नळीतलं तेल वजा करून शंभरात पंचेचाळीस भरत होते. गुरुवारी दुपारी ती सातच्या जरा पुढे होती. आता तासाला एखादाच काळपट थेंब येई. तो पाण्यातून वर सरकताना मास्तर श्वास रोखून बघत. त्यांनी वहीत लिहिलं, सात पॉइंट तीन.

लिहून झाल्यावर काय वाटलं कोण जाणे, ते परत वाकले. डोळा रेषेच्या बरोबर समोर आणला. सात पॉइंट दोन होतं. चांगलं ठसठशीत दोन. घटकेपूर्वी त्याच डोळ्यांनी तीन बघितलं होतं, आणि बघताना तसूभरही शंका आली नव्हती. मास्तरांना आता जी भीती वाटली ती मंगळवारच्या भीतीहून मोठी होती. मंगळवारी नळीनं फसवलं होतं. आता काहीच बिघडलेलं नव्हतं.

त्यांनी फिटरला हाक मारली. "आजपासून रेषा तू वाचायचीस."

"मी? अहो, तुम्ही आम्हाला त्या काचेला बोट लावू देत नाही!"

"आता लाव. रेषेच्या समोर डोळा आण, वरून नको, खालून नको. दिसेल ते लिही आणि मला सांगू नकोस."

"तुमचे डोळे बरे आहेत ना?"

"डोळे बरे आहेत," मास्तर म्हणाले आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले. तिथून ते हलले नाहीत. मागे पंपाची टिकटिक चालू होती. फिटर तासातासानं वाकत होता, लिहीत होता, आणि त्याच्या पेन्सिलीच्या आवाजावरून आकडा ओळखायचा खुळा प्रयत्न मास्तर करत होते. शुक्रवारी सकाळी बाई स्वतः आल्या. त्यांनी शेवटची रेषा वाचली आणि फिटरच्या आकड्याशी ताडून पाहिली. सात पॉइंट तीन. वजा दोन पॉइंट तीन, पाच. बारातले पाच. शंभरात बेचाळीससुद्धा भरत नव्हते.

बातमी मास्तरांच्या आधी घरी पोहोचली. संध्याकाळी ते घरात शिरले तेव्हा लेक येऊन बसली होती, आणि बायको आतून बाहेर यायला तयार नव्हती.

"बाबा, आईनं सगळं सांगितलं," लेक म्हणाली. "आजचं रीडिंग तुम्ही घेतलंत?"

"नाही. फिटरनं."

"तुम्ही घेतलं असतं तर?"

मास्तरांनी चपला काढल्या, पण पुढे आले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "तर जास्त आलं असतं. मला ते हवं होतं ना, बाळा. फार हवं होतं. म्हणून नाही घेतलं."

लेकीचे डोळे भरून आले आणि तिनं मान फिरवली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवरा होता. क्षेत्रावरची माणसं जमली होती. हा आकडा चुकीचा असेल, परत तपासा असा अर्ज द्यायचं त्यांच्या मनात होतं. तुझ्या वडिलांना विचार, म्हणत होता. ते दारातल्या मास्तरांनाही ऐकू येत होतं.

लेकीनं पदरानं नाक पुसलं. वडिलांकडे एकदा नीट बघितलं.

"नको देऊ अर्ज," ती फोनवर म्हणाली. "आकडा बरोबर आहे. घरी ये, सामान कधी बांधायचं ते ठरवू."